बेळगाव, खानापूर, निपाणीकडे स्वतःचा उद्योग टाकायचाय? पीएमईजीपीच्या कर्ज-अनुदानाची वाट, पायरीपायरीने

आपल्या भागात कुणी लेथ टाकायचं म्हटलं, काजूची भट्टी लावायची म्हटली, की सल्ले दोन्ही राज्यांतून येतात. कोल्हापूरचा पाव्हणा महाराष्ट्रातल्या महामंडळाचं नाव सांगतो, शेजारचा बेंगळूरच्या योजनेचं, आणि मोबाईलवर तिसरंच काहीतरी फिरत असतं. मी शहराबाहेरच्या एका गावात छोटं टर्निंगचं वर्कशॉप काढलं ते पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, म्हणजे पीएमईजीपीतून. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली भरताना बघितल्या. पैसा सरकारकडे आहे, नियमही फार अवघड नाहीत. लोक अडकतात ते क्रमात. जे काम आधी करायचं ते शेवटी करतात आणि मशीन मात्र आधीच आणून ठेवतात.

हा लेख कर्नाटकात राहणाऱ्या, आधार आणि रेशनकार्ड इथलंच असणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी राज्य ठरवा, मग योजना

महाराष्ट्रातलं अण्णासाहेब पाटील महामंडळ व्याजाचा परतावा देतं, तिथला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही चांगला आहे. पण दोन्हींना महाराष्ट्राचा रहिवास लागतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हापासून 'आता तिकडच्या सगळ्या योजना आपल्याला' असा समज पसरलाय. ती योजना दवाखान्याची आहे. तिच्यावरून कर्जाचा हिशोब मांडू नका. चंदगड किंवा कागलमधल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर अर्ज टाकायची आयडियाही कुणी दिली तर ऐकू नका. बँकेचा माणूस जागेवर येतोच.

पीएमईजीपी केंद्राची आहे, त्यामुळे हा राज्याचा घोळ तिथे नाही. युनिट कर्नाटकात असेल तर अर्ज कर्नाटकात.

तरी अर्जाआधी बाकीच्या योजनांकडे एक नजर टाका, कारण एका युनिटला दोन ठिकाणचं सरकारी अनुदान चालत नाही.

गूळ, मसाला, पापड, लोणचं असं खाण्याचं काही करणार असाल तर पीएमएफएमई, म्हणजे केंद्राची छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, बघा. ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, वर कर्नाटक सरकार आपली भर घालतं. 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये बेळगावला गूळ आहे. मुख्य म्हणजे ही योजना चालू धंद्यालाही मिळते, पीएमईजीपी फक्त नव्याला. हातकाम करणाऱ्यांसाठी, म्हणजे सुतार, लोहार, कुंभार, चप्पल बांधणारे, १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा आहे: १८ व्यवसाय, आधी १ लाख, मग २ लाख, व्याज ५ टक्के. अथणी-निपाणीकडच्या चप्पल कारागिरांनी हे आधी बघावं. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. पण गेल्या ५ वर्षांत पीएमईजीपीचं कर्ज घेतलेल्याला विश्वकर्मा मिळत नाही, म्हणून कुठलं घ्यायचं ते विचार करून ठरवा.

मराठा समाजासाठी कर्नाटक मराठा समाज विकास निगम आहे, अर्ज राज्याच्या सेवासिंधू पोर्टलवर. बायकांसाठी राज्याची उद्योगिनी आहे, कर्ज ३ लाखांपर्यंत. मुद्रा तर सगळ्यांना माहीतच आहे, पण मुद्रात अनुदान नाही. बँकेत 'पीएमईजीपी' विचारायला गेलेल्याला 'मुद्रा घ्या की, लगेच होतंय' म्हणून वळवतात. लगेच होतं खरं, पण अनुदान गेलं.

निपाणीकरांसाठी वेगळं सांगतो. विडी, सिगारेट, तंबाखूवर प्रक्रिया, यांतलं काहीही पीएमईजीपीत बसत नाही. घरचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूचा असला तरी नाही. त्याच वखारीत दुसरं काही, समजा पॅकिंगचे बॉक्स, करणार असाल तर चालतं.

२. आकडे समजून घ्या, मगच घरात बोला

उत्पादनासाठी प्रकल्पखर्च कमाल ५० लाख, सेवा व्यवसायासाठी २० लाख. वय १८ पूर्ण. उत्पन्नाची अट नाही. शिक्षणाची अट मोठ्या प्रकल्पांनाच: उत्पादनात १० लाखांवर आणि सेवेत ५ लाखांवर गेलात तर आठवी पास लागते. नवरा-बायको मिळून एकच अर्ज.

अनुदान असं:

- सर्वसाधारण गट: शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. स्वतःचे १० टक्के घालायचे.
- विशेष गट (महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग वगैरे): शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचे ५ टक्के.

८ लाखांचा प्रकल्प धरा, गावात, अर्ज घरच्या बाईच्या नावावर. तिने घालायचे ४० हजार, बँक देणार ७ लाख ६० हजार, अनुदान २ लाख ८० हजार. म्हणजे शेवटी खरं कर्ज राहतं ४ लाख ८० हजार. तोच प्रकल्प सर्वसाधारण गटातल्या पुरुषाच्या नावावर असेल तर घरचे ८० हजार आणि अनुदान २ लाख.

म्हणून बायकोच्या नावावर टाकायचं आणि स्वतः चालवायचं, असं खूप जण करतात. करा, पण मग तिला धंदा माहीत असू द्या. मॅनेजर तिलाच विचारतो: कच्चा माल कुठनं, गिऱ्हाईक कोण, महिन्याला वीजबिल किती. ती नवऱ्याकडे बघायला लागली की फाईल तिथेच बसते.

ग्रामीण की शहरी, हे अंतरावर ठरत नाही. ग्रामपंचायत असेल तर ग्रामीण, नगरपालिका किंवा पट्टण पंचायत असेल तर शहरी. बेळगावाभोवतीच्या काही गावांचा दर्जा गेल्या काही वर्षांत बदललाय. 'आमचं गावच आहे' म्हणून ३५ टक्के धरून बसू नका. पीडीओकडून, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडून, ग्रामीण भागाचा दाखला आधी घ्या. कॅन्टोन्मेंट अर्थातच शहरात.

३. कागद, आणि नावातली अक्षरं

लागणारे कागद:

- आधार, पॅन, फोटो
- शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रक
- ग्रामीण भागाचा दाखला
- विशेष गट जातीवरून घेणार असाल तर जातीचा दाखला
- प्रकल्प अहवाल, मशीनची कोटेशनं
- जागेचा उतारा किंवा भाडेकरार
- बँक पासबुक, आधीचं कर्ज असेल तर त्याचा तपशील
- काम शिकला असाल तर आयटीआय किंवा अनुभवाचं पत्र

आपल्याकडचा सगळ्यात मोठा त्रास या यादीत दिसत नाही. शाळेचा दाखला मराठीत, उतारा कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत. तिन्हीकडे नाव लिहिणारे तीन वेगळे कारकून. 'परशराम' एकीकडे, 'परशुराम' दुसरीकडे. आडनाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर त्या जागी वडिलांचं नाव. बँकेच्या वकिलाला हे दिसलं की फाईल परत येते. त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळे कागद टेबलावर मांडा आणि अक्षर न्‌ अक्षर ताडून बघा. आधार आणि पॅन जुळवून घ्या, ते सोपं. जुन्या दाखल्यावरचं नाव बदलत बसू नका. 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं ई-स्टँपवर प्रतिज्ञापत्र नोटरी करून जोडा. मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतरही नोटरीकडून करून ठेवा. कुणी मागेल न मागेल, फाईलमध्ये असू दे.

जात, उत्पन्न, रहिवास हे दाखले नाडकचेरीत किंवा ग्राम वन केंद्रात मिळतात, शहरात कर्नाटक वनमध्ये. काउंटरवर मराठी बोललात तर बऱ्याच ठिकाणी समजतं, पण कागदांची कन्नड नावं माहीत असली की काम पटकन होतं: जमिनीचा उतारा म्हणजे पहाणी, रहिवासी दाखला म्हणजे वासस्थळ प्रमाणपत्र, उत्पन्न म्हणजे आदाय. अर्ज दिल्यावर 'सकाल'ची पोचपावती घ्याच. २०११ च्या कायद्याने या सेवांना मुदत ठरवून दिली आहे, आणि त्या पावतीवरच्या क्रमांकाने उशीर झाला तर वर अपील करता येतं. पावती नसेल तर तुम्ही कधी आला होता हेच कुणाला आठवत नाही.

जातीच्या दाखल्याबद्दल दोन गोष्टी. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गांच्या ३बी गटात येतो. ही राज्याची यादी. केंद्राची ओबीसी यादी वेगळी आहे. ३बी चा दाखला हातात आहे म्हणून ३५ टक्क्यांचं गणित मांडू नका, जिल्हा उद्योग केंद्रात आधी विचारा. दुसरी, सीमेपलीकडून लग्न होऊन आलेल्या बायकांची. माहेर गडहिंग्लज किंवा चंदगडला, जातीचा दाखला महाराष्ट्राचा, तो इथे चालत नाही म्हणून कित्येकींनी अर्जच टाकला नाही. त्याची गरजच नाही. महिला म्हणूनच त्या विशेष गटात येतात. त्या दाखल्यामागे पळू नका.

४. जागा आणि वीज

जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरता येत नाही. शेड बांधायचा खर्च किंवा भाडं धरता येतं. गावठाणातली जागा असेल तर पंचायतीचा ई-स्वत्तु उतारा काढा. शेतात शेड मारणार असाल तर बिनशेती करून घ्यावं लागतं, त्याला वेळ जातो. उताऱ्यावर चुलते, आत्या, सगळ्यांची नावं असतील तर त्यांची संमती आधी घ्या. मंजुरीच्या तोंडावर संमती मागायला गेलात की जुने सगळे हिशोब निघतात. यापेक्षा भाड्याची जागा, पक्का करार, हे मला तरी सुटसुटीत वाटतं.

थ्री फेज लागणार असेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसात जाऊन त्या ट्रान्सफॉर्मरवर लोड शिल्लक आहे का, एवढं तरी विचारून या. नवीन ट्रान्सफॉर्मर बसवायला लागला तर तो खर्च प्रकल्पात आधीच धरायला हवा.

५. प्रकल्प अहवाल

पीएमईजीपी राबवणाऱ्या खादी आयोगाच्या संकेतस्थळावर शेकडो धंद्यांचे नमुना अहवाल फुकट आहेत. तो घ्या, पण आकडे आपले घाला. बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्कचा दर काय चाललाय, खानापुरात काजूबी कुठल्या महिन्यात कितीला मिळते, हे तुम्हाला माहीत असतं, नमुन्याला नाही. मशीनची दोन-तीन कोटेशनं जीएसटी नंबर असलेल्या विक्रेत्याकडून घ्या.

सीएकडून करून घेतलात तरी हरकत नाही, फक्त पहिल्याच वर्षी मोठा नफा दाखवू देऊ नका. मॅनेजरने असे अहवाल रोज बघितलेले असतात. आणि नुसतं खेळतं भांडवल मागू नका. यंत्र किंवा शेड असा भांडवली खर्च नसलेला प्रकल्प बसत नाही.

मंजुरीआधी मशीन उचलायची नाही. स्वस्तात मिळतंय, मालक उद्या दुसऱ्याला देईल, तरी नाही. काम सुरू झालं की ते 'चालू युनिट' ठरतं आणि अनुदान संपतं. टोकनसुद्धा देऊ नका.

६. ऑनलाइन अर्ज

अर्ज खादी आयोगाच्या पीएमईजीपी पोर्टलवर, आधार टाकून. भरायला पैसे नाहीत. योजनेला मंजुरी २०२५-२६ या वर्षापर्यंतची मिळाली होती, म्हणून भरण्याआधी पोर्टलवर नवे अर्ज चालू आहेत का बघून घ्या.

एजन्सी निवडायला सांगतात: खादी आयोग, राज्याचं खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र. मी उद्योग केंद्र निवडा म्हणेन. ते उद्यमबागेतच आहे, जाऊन विचारता येतं. खादी आयोगाच्या विभागीय कार्यालयासाठी हुबळी गाठावी लागते. बँकेची शाखा निवडताना जिथे तुमचं खातं वर्षानुवर्षं चाललंय ती घ्या. अर्ज गेल्यावर मिळालेला आयडी आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. सायबरवाल्याने स्वतःचा मोबाईल नंबर टाकलेला नाही ना, हे तिथेच बघा. नाहीतर ओटीपी त्याला जातो आणि फाईल कुठे आहे ते तुम्हाला कळतच नाही.

याच टप्प्यावर एजंट भेटतात. 'वर ओळख आहे, इतके टक्के' म्हणतात. कुणाची ओळख लागत नाही. 'तुमचं कर्ज मंजूर, फाईल फी भरा' असं शिक्क्याचं पत्र मोबाईलवर आलं तर ते खोटंच.

७. बँक

उद्योग केंद्र अर्ज तपासून बँकेकडे पाठवतं, आणि कर्ज द्यायचं की नाही हे शेवटी बँकच ठरवते. पुष्कळ जणांना वाटतं सरकारने निवडलं म्हणजे मिळालं. तसं नाही.

जायच्या आधी सिबिल बघा. जुन्या टीव्हीच्या हप्त्याचे राहिलेले पैसे, कुणाला जामीन राहिलेलं सोसायटीचं कर्ज, असलं काही निघालं तर मिटवून जा. शाखेत मॅनेजर बहुतेक वेळा परप्रांतातला असतो, त्याला ना मराठी येतं ना कन्नड. हिंदीत बोला, पण आकडे पाठ असू देत.

'तारण काय देणार?' हा प्रश्न येणारच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगांना निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही, त्याला सीजीटीएमएसई या हमी योजनेचं संरक्षण घेता येतं. हे भांडून नको, विचारून बोला: 'साहेब, हे सीजीटीएमएसईत घालता येईल ना?' माझ्या वेळी एका शाखेने तारणाशिवाय होणारच नाही म्हणून फाईल कपाटात ठेवली होती. लेखी उत्तर मागितल्यावर ती हलली.

तर लेखी हेच तुमचं हत्यार. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. सगळे कागद दिल्याची पोच घ्या आणि तारीख लिहून ठेवा. नाकारलं तर कारण लेखी मागा. मग क्रमाने: उद्योग केंद्र, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचा व्यवस्थापक, बँकेच्या वरच्या कार्यालयात तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपाल फिरवत नाही, पण अर्ज दाबून ठेवणं तक्रारीत बसतं. तक्रार कुठल्या भाषेत द्यावी असा प्रश्न पडतो. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं. हक्क आहेच. लवकर उत्तर हवं असेल तर सोबत इंग्रजी प्रत लावा.

८. प्रशिक्षण, उचल, अनुदान

मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण. ५ लाखांवरच्या प्रकल्पाला १० दिवसांचं, त्याखाली कमी, आणि ऑनलाइनही करता येतं. स्वतःचा वाटा बँकेत भरायचा, मग बँक मशीनवाल्याच्या खात्यावर पैसे सोडते.

अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने ३ वर्षं ठेव म्हणून पडून राहतं. त्या ठेवीवर व्याज नाही, पण तेवढ्या रकमेच्या कर्जावर बँकेने तुमच्याकडून व्याज घ्यायचं नाही. खाते उतारा काढून हे तपासा. पूर्ण कर्जावर व्याज लावल्याचं मी बघितलंय, दाखवून दिल्यावर दुरुस्त करतात. परतफेड ३ ते ७ वर्षं, सुरुवातीला काही महिने हप्त्याला सवलत.

९. शटर उघडल्यावर

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करा, आधारवर, फुकट. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर चुकीच्या जागी आलात. ग्रामपंचायतीचा व्यवसाय परवाना घ्या, गरज असेल तर जीएसटी.

पाटीवर कर्नाटकच्या नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नड हवं, तेही वरच्या अर्ध्या भागात. खाली मराठी घाला की, कुणी अडवत नाही. पीएमईजीपीतून कर्ज घेतल्याची वेगळी पाटीही लावायची असते. ती लावा, पुढे तपासणीच्या फोटोत लागते.

माणसं ठेवलीत तर किमान वेतन कर्नाटकचं लागू, कामगार चंदगडहून येत असला तरी. १० माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगार विमा (महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना, मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५), २० झाली की पीएफ. सीमेपलीकडच्या शिनोळीच्या कारखान्यातून तुमच्याकडे आलेल्या पोराचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच राहतो, राज्य बदललं म्हणून नवीन काढू नका. नाहीतर त्याचे जुने पैसे काढताना त्याचेच हाल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे माणूस एक असला तरी नेमणुकीचं पत्र द्या आणि पगार खात्यावर टाका.

१०. तीन वर्षांनी

युनिट चालू आहे का हे बघायला तपासणी होते आणि मग ठेवीतली रक्कम कर्जात वळती होते. मधल्या काळात जागा बदललीत तर बँकेला आणि उद्योग केंद्राला लेखी कळवा. जुन्या पत्त्यावर कुलूप दिसलं तर युनिट बंद म्हणून नोंद होते आणि अनुदान परत जातं. वीजबिलं, खरेदीची बिलं, हजेरीवही एका फाईलमध्ये ठेवा. हप्ते वेळेवर गेले असतील आणि धंदा नफ्यात असेल तर वाढवण्यासाठी दुसरं कर्ज मिळतं, उत्पादनाला १ कोटीपर्यंत, त्यावर १५ टक्के अनुदान. त्याचा अर्जही त्याच पोर्टलवर, म्हणून पहिला आयडी जपून ठेवा.